रिंगा ऑइल बसवत नाही

इंजिन उतरवून, सिलिंडर बोअर करून, नवे पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगे घालून पुन्हा बांधले की पहिल्या काही तासांत त्याच्या पुढच्या आयुष्याचा निकाल लागतो. या तासांत दोन गोष्टी घडायच्या असतात. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर घासून तिच्याशी जुळायच्या असतात, आणि जुन्या पद्धतीच्या इंजिनात कॅमशाफ्टची पाती व टॅपेटचे तळ एकमेकांना सरावायचे असतात. पहिले काम बिघडले तर गाडी ऑइल खाते आणि निळा धूर सोडते. दुसरे बिघडले तर नवा कॅम अर्ध्या तासात खलास होऊ शकतो. या काळात चेंबरमध्ये कोणते ऑइल असावे यावर गॅरेजात हिरिरीने वाद होतो. बोअरिंगवाल्याने भिंतीवर कसे ओरखडे पाडले, हे मात्र कोणी विचारत नाही. वाद व्हायला हवा तो तिथे.

बडोद्यात ही गोष्ट जरा अधिकच खटकते. कोयलीची रिफायनरी शहराला लागून आहे. अंकलेश्वर आणि खंभातकडचे कच्चे तेल शुद्ध करण्यासाठी ती उभी राहिली आणि १९६५ साली तिचे पहिले युनिट सुरू झाले. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८९० साली निघालेले कलाभवन आज विद्यापीठाच्या तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी विद्याशाखेत नांदते आहे. जुन्या मोटारींची हौस तर गावाला राजघराण्यापासूनची. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात देशभरातल्या जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता. एवढे असूनही अ‍ॅम्बॅसॅडर किंवा पद्मिनीचे इंजिन बांधून झाले की ऑइलचा निर्णय ऐकीव गोष्टींवरच होतो. त्या गोष्टी एकेक करून तपासायला हव्यात.

सर्वात जुना पूर्वपक्ष असा: नवे इंजिन साध्या, डिटर्जंट नसलेल्या मिनरल ऑइलवरच चालवावे, कारण डिटर्जंटमुळे रिंगा बसत नाहीत. ही समजूत निराधार नाही, पण तिचा आधार मोटारीत नसून विमानात आहे. हवेने थंड होणाऱ्या पिस्टन-इंजिनांच्या विमानांसाठी लायकॉमिंग कंपनी पहिले ५० तास किंवा ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत साधे मिनरल ऑइल वापरायला सांगते. मात्र तिच्याच सूचनेत टर्बोचार्जर असलेली काही इंजिने वेगळी काढली आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून डिस्पर्संट असलेले ऑइल घालायचे असते. विमानांतही नियम सरसकट नसेल, तर तो मोटारीला सरसकट लावता येत नाही. शिवाय विमानाच्या ऑइलमधले डिस्पर्संट राख न करणारे असते, मोटारीच्या ऑइलमधली डिटर्जंट द्रव्ये कॅल्शियम-मॅग्नेशियमची असतात. दोन्हींची घडणच वेगळी.

डिटर्जंट हा शब्द ऐकला की साबण डोळ्यांपुढे येतो आणि साबण म्हटले की निसरडेपणा. इंजिन ऑइलमधले डिटर्जंट निसरडेपणासाठी नसते. जळणातून तयार होणारी आम्ले मारणे आणि पिस्टनवर चिकटा साचू न देणे, हे त्याचे काम. त्याचा जोडीदार डिस्पर्संट काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता ऑइलात तरंगत ठेवतो. नव्याने बांधलेल्या इंजिनात पहिल्या शंभर किलोमीटरमध्ये जेवढी घाण सुटते तेवढी पुढे क्वचितच सुटते: लोखंडाची भुकटी, होनिंगच्या दगडाचा राहिलेला कण, गॅस्केटचा तुकडा. नेमक्या त्याच वेळी घाण सांभाळणारे द्रव्य काढून टाकायचे, हा उलटा हिशेब आहे. डिटर्जंट नसलेले ऑइल म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या (एपीआय) वर्गवारीतला ‘एसए’ दर्जा. १९३०नंतर बनलेल्या बहुतेक मोटार-इंजिनांसाठी तो योग्य नाही, असे एपीआय स्वतःच सांगते.

दुसरा पूर्वपक्ष सिंथेटिकविरुद्धचा: सिंथेटिक ऑइल इतके गुळगुळीत की रिंगा घासल्याच जात नाहीत. याचे खंडन एका उदाहरणाने होते. शेवरोले कॉर्व्हेट ही गाडी १९९२पासून कारखान्यातूनच सिंथेटिक ऑइल भरून बाहेर पडते. रिंगा बसत नसत्या तर ती सगळी इंजिने धूर ओकत परत आली असती. पण हे उदाहरण देणारे अर्धीच गोष्ट सांगतात. कारखान्यात सिलिंडरची भिंत आधी खरबरीत दगडाने आणि मग बारीक दगडाने घासून शिखरे कापलेली, दऱ्या राखलेली अशी तयार मिळते, त्यामुळे रिंगांना घासण्याचे काम फारसे उरतच नाही. बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एखाद्या लेथच्या दुकानात एकाच दगडाने होन केलेल्या भिंतीला ते भाग्य नसते. तिथली शिखरे रिंगांनाच कापावी लागतात. तरीही सिंथेटिकने रिंगा बसत नाहीत, असे म्हणता येत नाही. फार तर कधी वेळ थोडा अधिक लागेल. सिंथेटिकविरुद्ध खरा मुद्दा खर्चाचा आहे. जे ऑइल अर्ध्या तासाने किंवा पाचशे किलोमीटरने काढून टाकायचेच आहे, ते महागाचे कशाला?

तिसरी गोष्ट जस्ताची. ती सर्वात गुंतागुंतीची आहे आणि तिच्यात तथ्यही सर्वाधिक आहे. झिंक डायअल्काइलडायथायोफॉस्फेट, बाजारात ज्याला झेडडीडीपी म्हणतात, ते द्रव्य १९४०च्या दशकापासून इंजिन ऑइलात आहे. धातूवर धातू दाबला जाऊन उष्णता निर्माण झाली की ते तिथे विघटित होते आणि फॉस्फेटचा काचेसारखा पातळ थर धरते. झीज त्या थराची होते, धातू वाचतो. नवेपणी हा थर कोणाला सर्वाधिक हवा, तर ‘सपाट’ म्हणवणाऱ्या टॅपेटच्या कॅमला. अ‍ॅम्बॅसॅडरचे १४८९ सीसीचे बीएमसी घराण्याचे इंजिन आणि पद्मिनीचे १०८९ सीसीचे फियाट इंजिन, दोन्हींत कॅम ब्लॉकमध्ये बसतो आणि त्यावर टॅपेट सरळ घासत फिरतो. कॅमचे पाते किंचित उतरते आणि टॅपेटचा तळ किंचित फुगीर घडवलेला असतो, त्यामुळे टॅपेट वरखाली होताना स्वतःभोवती गिरकीही घेतो. पहिल्या काही मिनिटांत ही गिरकी सुरू झाली नाही तर एकाच रेषेवर घासून पाते गोल होते.

या कॅमच्या पात्यांना ऑइल पंपाच्या दाबाने थेट मिळत नाही. क्रँकशाफ्टने उडवलेले शिंतोडे त्यांच्यावर पडतात. म्हणून इंजिन नुसते आयडलवर ठेवणे म्हणजे कॅमला उपाशी ठेवणे. शिवाय कमी फेऱ्यांवर स्प्रिंगचा सगळा दाब कॅमच्या नाकावर बसतो, फेऱ्या वाढल्या की टॅपेटच्या जडत्वामुळे तो थोडा हलका होतो. नवा किंवा नव्याने घासलेला कॅम आणि नवे टॅपेट असतील तर इंजिन सुरू होताक्षणी २००० फेऱ्यांच्या आसपास नेऊन वीस ते तीस मिनिटे, फेऱ्या थोड्या कमीजास्त करत, चालवायचे ते यासाठी. जुनाच कॅम आणि जुनेच टॅपेट, ज्याचा त्याच्याच जागी, बसवले असतील तर या सोपस्काराची गरज नाही. टॅपेटची अदलाबदल झाली असेल तर मात्र जुना कॅमही नव्यासारखाच वागवावा लागतो.

या खऱ्या गरजेवर एक खोटी भीती पोसली गेली आहे. सरकारी नियमांमुळे ऑइलातून जस्त संपले, आता परदेशातून ‘ब्रेक-इन ऑइल’ मागवल्याशिवाय जुने इंजिन बांधूच नये, अशी ती भीती. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून मर्यादा आली, हे खरे आहे. २००४च्या एपीआय एसएम दर्जात फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंत खाली आला. पण ही वरची मर्यादा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० अशा इंधन वाचवणाऱ्या पातळ ग्रेडांना आहे. १५डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५० या ग्रेडांना एसएम किंवा एसएन दर्जात ती लागू नाही. आणि डिझेलच्या सीआय-४ दर्जाच्या १५डब्ल्यू-४० ऑइलात फॉस्फरस साधारणपणे ०.१ टक्क्याच्या पुढे असतो. असा डबा बडोद्यात कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो. ट्रकवाल्यांसाठी ठेवलेला म्हणून मोटारवाले त्याच्याकडे पाहत नाहीत, एवढेच.

जस्त चांगले म्हणून वरून बाटलीभर आणखी जस्त ओतणे, हाही त्याच भीतीचा परिणाम. ऑइलातली द्रव्ये धातूच्या पृष्ठभागावरच्या जागेसाठी एकमेकांशी झगडतात. एकाचे प्रमाण मनाने वाढवले की दुसऱ्याचे काम अडते, आणि जस्त-फॉस्फरसची मात्रा फार वाढली तर धातूलाच रासायनिक त्रास होतो. शर्यतीच्या गाडीत दुप्पट ताकदीच्या स्प्रिंगा असतात, तिथे खास ब्रेक-इन ऑइलला अर्थ आहे. पद्मिनीच्या मूळ स्प्रिंगांना तो थाट नको. मारुती ८००च्या ७९६ सीसी इंजिनात कॅम वर हेडमध्ये आहे आणि रॉकरवर चालतो. तिथेही घर्षण आहे, पण चांगल्या डिझेल ऑइलवर भागते. रोलर असलेल्या नव्या इंजिनांत तर हा प्रश्नच उरत नाही.

जाड ऑइलचा आग्रह थोडक्यात निकाली काढता येतो. नव्या बेअरिंगांत फट कमीत कमी असते. तिथे २०डब्ल्यू-५० घातले की गेजवर दाब झोकात दिसतो, पण दाब म्हणजे प्रवाह नव्हे. शंभर अंशांवर चाळीसच्या ग्रेडची घट्टता १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स असते, पन्नासची १६.३च्या वर. बडोद्यात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, म्हणून पन्नास हवे, असे सांगितले जाते. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर ठीक असतील तर ऑइलचे तापमान बाहेरच्या दहा अंशांनी तेवढे बदलत नाही. ‘डब्ल्यू’च्या अलीकडचा आकडा तर इथे जवळजवळ गैरलागू आहे. १५डब्ल्यूची थंडीतली चाचणी शून्याखाली वीस अंशांवर होते. बडोद्यात जानेवारीच्या पहाटेही पारा दहाच्या खाली क्वचितच उतरतो.

उरला तो ‘गाडी ताशी चाळीसच्या वर नेऊ नका’वाला पूर्वपक्ष. तो ऑइलचा नाही, पण ऑइलवर सर्वाधिक अन्याय त्यानेच केला आहे. हजार किलोमीटर गाडी कुरवाळत चालवायची, रिंगा बसल्या नाहीत की ऑइल बदलायचे, आणि तरी धूर गेला नाही की ऑइल कंपनीला शिव्या द्यायच्या. रिंगेचा स्वतःचा ताण अगदी थोडा असतो. तिला भिंतीवर दाबतो तो जळणाऱ्या वायूचा दाब. हा वायू रिंगेच्या मागच्या खाचेत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. अ‍ॅक्सिलरेटरवर पायच नसेल तर दाब नाही, दाब नसेल तर शिखरे कापली जात नाहीत. मग दऱ्यांत साचलेले ऑइल गरम होऊन वार्निशसारखे घट्ट होते आणि भिंत आरशासारखी चकाकू लागते. यालाच ग्लेझ म्हणतात. एकदा ग्लेझ धरली की कुठलेही ऑइल ती काढत नाही. हेड उतरवून पुन्हा होन करावे लागते.

एवढ्या खंडनातून उरते ती भिंत. रिंगा ऑइल बसवत नाही, त्या बसवतात भिंतीवरचे ओरखडे. होनिंगचा दगड वरखाली फिरताना दोन दिशांच्या तिरप्या रेघा पडतात आणि त्यांची जाळी बनते. रेघा एकमेकींना साधारण पंचेचाळीस अंशांत छेदाव्यात. फार आडव्या पडल्या तर रिंग अडखळते, फार उभ्या पडल्या तर ऑइल खाली ओघळते. साध्या बिडाच्या किंवा क्रोमच्या रिंगांना दगड १८० ते २२० आकड्यांचा लागतो, मोलिब्डेनमच्या रिंगांना २८० किंवा त्याहून बारीक. रिंगांच्या खोक्यावर त्या कशाच्या आहेत ते छापलेले असते. ते खोके बोअरिंगवाल्याला दाखवायला हवे. बहुतेक वेळा तो फक्त पिस्टन मागतो, खोके गॅरेजातच राहते.

होनिंगनंतर धुण्यात सर्वात मोठी चूक होते. ब्लॉक पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतला की तो स्वच्छ दिसतो, पण दगडाची भुकटी दऱ्यांत तशीच बसून राहते. पेट्रोल चिकटपणा काढते, खडे काढत नाही. गरम पाणी, साधी कपडे धुण्याची पावडर आणि ताठ केसांचा ब्रश, असा भिंतीचा जाळीदार भाग घासावा लागतो. पाणी पुसताच पातळ ऑइल लावावे, कारण बडोद्याच्या पावसाळी हवेत उघड्या बिडावर पाहता पाहता तांबूस गंज चढतो. मग पांढऱ्या बनियनचा तुकडा ऑइलात भिजवून भिंतीवरून फिरवावा. तुकडा करडा झाला तर पुन्हा धुवावे. तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर कधीतरी तो पांढराच निघतो. त्याआधी पिस्टन आत गेला तर त्या इंजिनात जे ऑइल भरले जाईल त्याची घासणारी पेस्ट होणार, मग डब्यावर कुठलेही नाव असो. पिस्टन बसवताना रिंगांवर मोलिब्डेनमची पेस्ट थापू नये. ती कॅमच्या पात्यांसाठी असते. भिंतीला पातळ हात ऑइलचा पुरतो.

आता ऑइल कोणते, याचे सरळ उत्तर देता येते. अ‍ॅम्बॅसॅडर, पद्मिनी, मारुती ८००, जुनी जीप अशा गाड्यांसाठी नामांकित कंपनीचे सीलबंद मिनरल १५डब्ल्यू-४०, सीआय-४ किंवा सीआय-४ प्लस दर्जाचे. डब्यावर एपीआयच्या गोल चिन्हाच्या खालच्या अर्ध्या भागात ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ असे छापलेले असेल तर तो डबा या कामाला घेऊ नये. ते इंधन वाचवणारे पातळ ऑइल असते आणि त्यात बहुधा घर्षण कमी करणारी द्रव्येही असतात. पिंपातून मापाने मिळणारे सुटे ऑइल कितीही स्वस्त असले तरी नको. त्यात काय मिसळले आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या पेट्रोल गाडीत हे ऑइल पहिल्या पाचशे किलोमीटरपुरतेच ठेवावे आणि नंतर कंपनीने सांगितलेल्या दर्जावर जावे. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना ते पहिल्या दिवशीही चालणार नाही. त्यांच्या धुराच्या फिल्टरला कमी राखेचे ऑइल लागते आणि तिथे गाडीच्या पुस्तिकेतला दर्जाच पाळावा.

इंजिन सुरू करण्याआधी ऑइल वरपर्यंत पोचलेले असायला हवे. स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारला की कॉम्प्रेशन नसल्याने बेअरिंगांवर भार येत नाही आणि गेजवर दाब चढताना दिसतो. मात्र कॅम नवा असेल तर हा स्टार्टर मोजूनमापून मारावा, नाहीतर पात्यांवर लावलेली पेस्ट कोरडीच पुसली जाते. जिथे पंपाला बाहेरून ड्रिल जोडता येते, तिथे तेच बरे. टायमिंग आधी बसवलेले आणि कार्ब्युरेटरची वाटी पेट्रोलने भरलेली असावी. कारण पद्मिनीचा पंप यांत्रिक आहे. वाटी कोरडी असेल तर तो पेट्रोल वर ओढेपर्यंत स्टार्टर मारत बसावे लागते. अर्ध्या तासाने इंजिन बंद करून गरम असतानाच ऑइल सोडावे. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडावा आणि त्यावर चुंबक फिरवावा. बारीक काळी लव चुंबकाला चिकटली तर ती रिंगा-भिंतीची, अपेक्षितच. चमकणारे कपचे चुंबकाला चिकटत नसतील तर ते बेअरिंगचे किंवा पिस्टनचे, आणि मग इंजिन पुन्हा उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

पुढचे काम रस्त्यावर. बडोदे सपाट आहे आणि अहमदाबादचा एक्स्प्रेसवे एकाच वेगाने तास-दीड तास पळवायला लावतो. रिंगांना दोन्हींचा उपयोग नाही. हालोलचा रस्ता धरून पावागडच्या माचीपर्यंत जावे. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अर्ध्याहून अधिक अ‍ॅक्सिलरेटर दिला की वायूचा दाब रिंगांवर नीट बसतो. उतारावर पाय काढून गाडी गिअरमध्येच सोडली की सिलिंडरमध्ये पोकळी तयार होऊन थोडे ऑइल वर ओढले जाते आणि रिंगांभोवतीची भुकटी धुऊन जाते. गाडी सीएनजीवर चालत असेल तर या फेऱ्या पेट्रोलवर माराव्यात, कारण सीएनजीवर ताकद थोडी कमी मिळते. इंजिन तापू देऊ नये, सतत फुल अ‍ॅक्सिलरेटर देऊ नये, आणि ट्रॅफिकमध्ये आयडलवर तासन्‌तास तर अजिबात ठेवू नये.

पाचशे ते आठशे किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर दुसऱ्यांदा बदलावे. तेव्हापासून डिपस्टिकची पातळी वहीत मांडून ठेवावी. पंधराशे किलोमीटरपर्यंत ऑइलचा खप उतरत उतरत स्थिर झाला तर रिंगा बसल्या. त्यानंतर सिंथेटिक घालायचे असेल तर खुशाल घालावे. पंधराशेच्या पुढेही गाडी हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल पीत असेल आणि ब्रीदरमधून धूर येत असेल, तर चौथा डबा घेण्यात अर्थ नाही. हेड उतरवून भिंत पाहावी लागेल.